मातीआडच्या धातूची चाहूल

पायाळू जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले म्हणजे त्याला जमिनीत पुरलेले द्रव्य दिसू लागते, अशी समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिच्यामागे मनुष्यमात्राची एक फार जुनी इच्छा आहे. माती अपारदर्शक आहे. तिच्या पोटात काय दडले आहे ते न खणता कळावे, ही ती इच्छा होय. ह्या इच्छेपायी कित्येकांनी आपली राहती घरे खणून काढली आणि काहींच्या हातून त्याहून भयंकर कृत्ये घडली. २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांनाही गुन्हा ठरविले, ह्यावरून त्या समजुतीची मुळे किती खोलवर गेली होती ते दिसून येते.

विज्ञानाने ह्या इच्छेला जे उत्तर दिले ते अंजनाहून अगदी निराळे आहे. धातुशोधक यंत्राला जमिनीतले काहीही दिसत नाही. त्याला केवळ ऐकू येते. आणि जे ऐकू येते तेही फार थोडे असते. 'येथे वीज वाहून नेणारे काहीतरी आहे,' एवढेच ते सांगते. ते काहीतरी सोन्याचे आहे की गंजलेल्या खिळ्याचे, हे सांगण्याची त्याची शक्ती अतिशय मर्यादित आहे. स्पंद-प्रवर्तन नावाच्या पद्धतीवर चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत ही मर्यादा विशेषच जाणवते. असे यंत्र प्रथमच हाती घेणाऱ्याने त्याचे कार्य, त्याचे सामर्थ्य आणि त्याचे मौन ही तिन्ही नीट समजून घेतली पाहिजेत. ती समजली नाहीत तर हाती उत्तम यंत्र असूनही पदरी निराशा येते. आणि कधी कधी निराशेहून मोठे अनर्थही ओढवतात.

ह्या विद्येचा पाया मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली घातला. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर जवळच्या संवाहक पदार्थात विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हा त्याचा शोध प्रवर्तनाचा सिद्धांत म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानंतर अर्ध्या शतकाने ह्या सिद्धांताला मोठ्या कठीण प्रसंगी कसोटीला उतरावे लागले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड ह्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात रुतून बसली, आणि ती नेमकी कोठे आहे हे कोणालाच कळेना. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षे अवकाश होता. तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आला. तारांची वेटोळी आणि टेलिफोनचे श्रवणयंत्र ह्यांच्या जोडणीतून त्याने शरीरातील गोळी हुडकणारे एक उपकरण तयार केले. जुन्या यादवी युद्धातील गोळ्या अंगात बाळगणाऱ्या सैनिकांवर त्याची परीक्षाही घेण्यात आली. उपकरण ठीक चालत होते.

परंतु अध्यक्षांच्या शय्येजवळ नेताच ते गोंधळून गेले. जिकडे फिरवावे तिकडे कमीअधिक आवाज येऊ लागला. रुग्णाच्या अंगाखालच्या बिछान्यात पोलादी तारा होत्या, हे बेलला नंतर कळले. शिवाय उपचार करणाऱ्या प्रमुख वैद्यांची अशी ठाम कल्पना होती की, गोळी उजव्या बाजूस आहे. म्हणून शोधही त्याच बाजूस घेण्यात आला. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड मरण पावले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस सापडली. यंत्राने तेव्हा काही खोटे सांगितले नव्हते. भोवतालचे लोखंड विचारात घेतले गेले नाही आणि शोधाची दिशा आधीच ठरवून टाकण्यात आली, हे त्या अपयशाचे खरे कारण होते. धातुशोधक हाती घेणारा प्रत्येक नवशिका ह्याच दोन चुका आजही करतो.

बेलच्या उपकरणापासून निघालेल्या परंपरेत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी युझेफ कोसात्स्की ह्याने घडविलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ साली एल्‌ अलामेनच्या वाळवंटात वापरले गेले, आणि त्यामुळे असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. ह्या जुन्या घराण्यातील यंत्रे अखंड लहरींवर चालतात. त्यांचे एक वेटोळे सतत चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत असते, आणि त्याच वेळी दुसरे वेटोळे धातूमुळे त्या क्षेत्रात पडलेला सूक्ष्म फरक टिपत असते. बोलणे आणि ऐकणे एकाच वेळी चाललेले असते, असे म्हणता येईल. कोरड्या, सौम्य मातीत ही व्यवस्था उत्तम चालते. पण माती स्वतःच चुंबकीय असेल किंवा खाऱ्या पाण्याने ओथंबलेली असेल, तर मातीचाच गलका एवढा होतो की त्यात धातूचा क्षीण स्वर बुडून जातो.

ह्या अडचणीतून वाट काढण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडात एक निराळी पद्धत आकाराला आली. पुरातत्त्वाच्या संशोधनासाठी जमिनीखालच्या धातूचा ठाव घ्यावा, हा तिच्यामागचा एक प्रमुख हेतू होता. आणि एरिक फॉस्टर ह्या तंत्रज्ञाचे नाव तिच्या वाढीशी विशेष निगडित आहे. हीच स्पंद-प्रवर्तनाची पद्धत होय. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येते: आधी बोलावे, मग थांबावे, आणि सर्व शांत झाल्यावर ऐकावे.

देवळातील घंटेचा दाखला येथे उपयोगी पडेल. घंटेवर टोल पडतो त्या क्षणी आघाताच्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येत नाही. आघात संपल्यावर मात्र घंटेचा स्वतःचा नाद मागे उरतो. काशाची जड घंटा बराच वेळ घुमत राहते, लहान घुंगूर चटकन गप्प होतो, आणि मातीच्या मडक्यावर टिचकी मारली तर केवळ 'टप्‌' असा आवाज होऊन तो तिथेच विरतो. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही मागे राहिलेल्या नादावरून वस्तूची काही कल्पना येते. स्पंद-प्रवर्तनाचे यंत्र हेच करते. मात्र त्याचा टोल चुंबकीय असतो, आणि नाद विजेचा असतो.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाला चपट्या ताटलीसारखे एक वेटोळे बसविलेले असते. त्यातून साधारणतः पन्नास ते अडीचशे मायक्रोसेकंद एवढाच काळ विद्युत्प्रवाह सोडला जातो, आणि मग तो एकदम तोडला जातो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षावा भाग. प्रवाह अकस्मात तुटला की वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि त्या कोसळण्यामुळे वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये क्षणभर काहीशे व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. हाच तो टोल. खालच्या मातीत नाणे किंवा अंगठी असेल, तर फॅरडेच्या नियमानुसार तिच्यात पाण्यातल्या भोवऱ्यासारखे वर्तुळाकार प्रवाह फिरू लागतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. धातूच्या विरोधामुळे हे प्रवाह हळूहळू मावळतात. आणि मावळताना त्यांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र वर वेटोळ्यापर्यंत पोहोचते. टोलाचा गलका ओसरावा म्हणून यंत्र दहा ते वीस मायक्रोसेकंद थांबते, नंतर आपला कान उघडते आणि मागे उरलेला नाद मोजते. हे सारे चक्र सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा घडत असते. एवढ्या मोजण्यांची सरासरी निघाली म्हणजे त्या क्षीण नादाचे माणसाच्या कानाला समजेल अशा स्वरात रूपांतर होते.

थांबून ऐकण्याच्या ह्या रीतीत यंत्राचे सारे सामर्थ्य साठविलेले आहे. समुद्राचे खारे पाणी विजेचे वाहक असले तरी धातूच्या मानाने फारच दुबळे असते. त्यात उठलेले आवर्त प्रवाह यंत्राचा कान उघडण्यापूर्वीच बहुतांशी मावळून जातात. म्हणूनच भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील ओल्या वाळूत, जेथे अखंड लहरींची यंत्रे पुष्कळदा बेजार होतात, तेथे स्पंद-प्रवर्तनाचे यंत्र शांतपणे काम करते. लोहयुक्त मातीचा बराचसा चुंबकीय प्रतिसादही टोल थांबताच नाहीसा होतो. तथापि सर्व माती एवढी आज्ञाधारक नसते. काही मातीतील अतिसूक्ष्म लोहकण चुंबकत्व सोडण्यास वेळ लावतात. त्यांचा प्रतिसाद रेंगाळत राहतो आणि धातूचा भास निर्माण करतो. परंतु धातूचा नाद ज्या प्रमाणात विरतो त्या प्रमाणात मातीचा नाद विरत नाही. दोघांच्या मावळण्याची चाल भिन्न असते. हा भेद पकडून मातीचा भाग वजा करण्याची युक्ती पुढील यंत्रांत साधण्यात आली. ह्या क्रियेला भूमीचे संतुलन म्हणतात.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील सुवर्णक्षेत्रांनी ह्या युक्तीचे महत्त्व जगाला पटवून दिले. बॅलरॅट आणि बेंडिगो ह्या शहरांच्या आसपासच्या ह्या मुलखात १८५१ पासून सोन्यासाठी माणसांचा लोंढा लोटला. १८६९ साली मोलियागुल येथे 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा जगप्रसिद्ध गोळा सापडला. त्यात सुमारे सत्तर किलोग्रॅम सोने होते, आणि तो जमिनीखाली अवघ्या काही सेंटिमीटरांवर पडलेला होता. १९८० साली किंगोवरजवळ सुमारे सत्तावीस किलोग्रॅमचा दुसरा एक गोळा धातुशोधकाने हुडकला; तो तर अखंड लहरींच्या जुन्या पद्धतीच्या यंत्राने सापडला. तरीही तेथील तांबड्या, लोहमिश्रित मातीत अशा यंत्रांना खोलवर पोहोचणे दुष्कर होते. १९९५ साली तेथील एका कंपनीने ब्रूस कॅंडी ह्या संशोधकाच्या कल्पनेवर आधारलेले 'एस्‌डी २०००' हे स्पंद-प्रवर्तनाचे यंत्र बाजारात आणले. त्यात निरनिराळ्या लांबीचे स्पंद वापरून मातीचा प्रतिसाद निराळा काढण्याची सोय होती. ज्या भूमीवरून दीड शतक खाणकाम करणारे आणि नंतर यंत्रे घेऊन हिंडणारे शोधक फिरून गेले होते, तीच भूमी पुन्हा सोने देऊ लागली.

भारतातील वाचकाला ही माती परकी वाटण्याचे कारण नाही. कोकणातला जांभा दगड आणि त्याची तांबडी माती लोहाने अशीच भरलेली आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी दिसणारी काळी वाळू ही इल्मेनाइट ह्या लोहयुक्त खनिजाची वाळू होय. देशावरचा काळा पत्थरही चुंबकीय खनिजांपासून मुक्त नाही. अशा भूमीवर यंत्राचे संतुलन साधल्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

आता ह्या सामर्थ्याची किंमत पाहिली पाहिजे. थांबून ऐकणाऱ्या यंत्राच्या हातून काही गोष्टी निसटून जातात. सोन्याचा अगदी बारीक कण किंवा नाजूक साखळी ह्यांच्यातील आवर्त प्रवाह अवघ्या काही मायक्रोसेकंदांत मावळतात. साखळीत प्रवाहाला सलग मोठे वर्तुळ मिळत नाही, तो एकेका कडीतच कसाबसा फिरतो. त्यामुळे यंत्राचा कान उघडण्यापूर्वीच तिचा नाद संपलेला असतो. ह्याच कारणाने अखंड अंगठी स्पष्ट बोलते, परंतु तीच अंगठी एका ठिकाणी तुटलेली असेल तर कुजबुजते. दुसरी किंमत अधिक जड आहे. लोखंडाचा खिळा, बाटलीचे टोपण, तांब्याचे नाणे आणि सोन्याचा गोळा ह्यांच्यात हे यंत्र खात्रीने भेद करू शकत नाही. काही यंत्रांत स्वराच्या चढउतारावरून लोखंड ओळखण्याची व्यवस्था असते. पण ती थोड्या खोलीपर्यंतच आणि तीही अनेकदा चुकत चालते. तिच्यावर विसंबून जो 'हे लोखंड असावे' म्हणून पुढे जातो, तो कदाचित सोने मागे सोडून गेलेला असतो.

तिसरी मर्यादा निसर्गाची आहे. तिच्यावर कोणत्याही कारखानदाराची मात्रा चालत नाही. वेटोळ्यापासून दूर जाताना चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, आणि लहान वस्तूकडून परत येणारे क्षेत्रही तसेच क्षीण होत येते. दोन्ही मिळून खोली दुप्पट झाली की प्रतिसाद चौसष्टपट घटतो. हाताच्या वितीवर नाणे खणखणीत बोलत असेल, तर दोन वितींवर ते जवळजवळ मुके होते. वेटोळे मोठे घेतले तर मोठ्या वस्तूंपर्यंत अधिक खोल पोहोचता येते, पण लहान वस्तूंची जाणीव बोथट होते. वेटोळे लहान घेतले तर उलट घडते. म्हणून जाहिरातींतील खोलीच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा आपल्या वेटोळ्याची आणि आपल्या मातीची कुवत स्वतः अजमावणे शहाणपणाचे ठरते.

ही अजमावणी घरापासून सुरू व्हावी. नवे यंत्र घेऊन लगेच रानात धावू नये. लाकडी पाट किंवा बाक घ्यावा. त्यात खिळे नसतील अशी खात्री करावी. मग मनगटावरचे घड्याळ, बोटातील अंगठी आणि खिशातील किल्ल्या व मोबाइल दूर ठेवावेत. पोलादी तळ असलेले बूटही ह्या कामी शत्रूच होत. बेलच्या प्रयोगातील बिछान्याची आठवण येथे उपयोगी पडते. यंत्र सुरू केल्यावर एक बारीक, अखंड गुणगुण ऐकू येईल एवढाच त्याचा आवाज ठेवावा. ही गुणगुण पूर्ण बंद केली तर कान सुखावतो, परंतु खोलवरच्या वस्तूमुळे तिच्यात पडणारी बारीकशी लहर मग कधीच कळत नाही. घरातील दिवे, विजेच्या तारा आणि इतर यंत्रे ह्यांच्यामुळे गुणगुण थरथरत असेल, तर मोकळ्या अंगणात जावे, किंवा स्पंदांची वारंवारता बदलण्याची सोय असल्यास ती थोडी बदलून पाहावी.

ह्यानंतर एकेक वस्तू वेटोळ्यासमोरून हळूहळू न्यावी: एक नाणे, एक अंगठी, एक खिळा, बाटलीचे टोपण, ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा तुकडा. प्रत्येक वस्तू किती अंतरावर प्रथम जाणवते आणि तिचा स्वर कसा चढतो व उतरतो, हे वहीत टिपून ठेवावे. लांब खिळा आडवा नेला तर पुष्कळदा एकाच वस्तूचे दोन स्वर उमटतात, आणि उभा नेला तर एकच येतो. अशा गोष्टी पुस्तकात वाचून ध्यानात राहत नाहीत, एकदा ऐकल्या म्हणजे विसरत नाहीत. गायकाला जसा स्वर घोटून कंठस्थ करावा लागतो, तसाच शोधकाला हा कान तयार करावा लागतो. दोनचार दिवस ह्या अभ्यासात घालविले तर पुढील कित्येक महिन्यांचे श्रम वाचतात.

प्रत्यक्ष भूमीवर पहिले काम संतुलनाचे. पायाखालच्या जमिनीत धातू नाही अशी जागा शोधून वेटोळे जमिनीजवळ न्यावे, वीतभर वर उचलावे आणि पुन्हा खाली आणावे. वरखाली करताना स्वर बदलत असेल तर संतुलन साधलेले नाही असे समजावे. आणि तो बदल नाहीसा होईपर्यंत यंत्राची खुंटी फिरवीत राहावे, किंवा यंत्र स्वयंचलित असेल तर ही क्रिया त्यालाच करू द्यावी. माती थोड्या थोड्या अंतरावर पालटते, म्हणून हे संतुलन दिवसातून अनेकदा पुन्हा साधावे लागते. त्यानंतर वेटोळे जमिनीला समांतर आणि शक्य तितके जवळ ठेवून सावकाश फिरवावे. नवशिका बहुधा गवत कापणाऱ्या विळ्यासारखा झपाट्याने हात चालवितो; आणि प्रत्येक झोकाच्या शेवटी वेटोळे हवेत उचलले जाते. तेथेच खोली हरवते. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्या भागावरून जाईल असा बेताने टाकावा. एका दिवसात मैलभर चालण्यापेक्षा चार खांब रोवून दोरी बांधलेल्या एका लहान चौकोनाचा कसून शोध घेणे अधिक फलदायी होते.

स्वर उमटला म्हणजे घाई करू नये. प्रथम त्याच जागेवरून वेटोळे उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम फिरवावे. दोन्ही दिशांनी स्वर एकाच ठिकाणी उमटला तर तेथे वस्तू असण्याचा संभव दाट असतो. एका दिशेने उमटून दुसऱ्या दिशेने हरवला, तर ती मातीची लबाडी किंवा एखादा लोहयुक्त दगड असू शकतो. पायाने वरची माती थोडी बाजूला सारून पुन्हा ऐकावे. स्वर सरकला तर वस्तू पृष्ठभागावरच आहे. खणताना नेमक्या जागी पहार घालू नये. थोड्या अंतरावरून तिरके खणीत यावे, नाहीतर दीडशे वर्षे सुखरूप राहिलेली वस्तू शोधकाच्याच हातून दुखावते. खड्ड्यातून स्वर नाहीसा झाला की वस्तू बाहेर काढलेल्या मातीत आली असे समजावे. मग ती माती प्लॅस्टिकच्या पसरट भांड्यात घ्यावी, वेटोळ्यावरून फिरवावी, बोलली तर निम्मी टाकावी, उरलेली पुन्हा फिरवावी. अशा रीतीने आठदहा वेळा निम्मे निम्मे करीत गेले की शेवटी चिमूटभर मातीत ती वस्तू सापडते. कित्येकदा ती बंदुकीचा छर्रा असते. क्वचित सोन्याचा दाणा असतो.

येथेच शोधकाच्या वृत्तीची परीक्षा होते. व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्रांत एकोणिसाव्या शतकातील खाणकऱ्यांच्या वस्त्या होत्या. त्यांच्या बुटांचे खिळे, डबे, तारा आणि तुटकी हत्यारे त्या मातीत सर्वत्र विखुरलेली आहेत. यंत्र त्या प्रत्येकासाठी तितक्याच तत्परतेने बोलते. दिवसभरात पन्नास खड्डे खणावेत आणि पन्नासांतून लोखंड निघावे, असे दिवस अनुभवी माणसाच्याही वाट्याला येतात. एक्कावन्नाव्या स्वराला 'हेही लोखंडच' असे म्हणण्याचा मोह अनावर होतो. गारफील्डच्या वैद्यांनाही असाच एक निष्कर्ष आधीच सुचला होता. यंत्राचा स्वर हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खणल्याशिवाय मिळत नाही.

हाच धडा अधिक गंभीर रूपाने सुरुंग काढणाऱ्या पथकांना रोज गिरवावा लागतो. युद्ध संपल्यावर शेतांत व वाटांवर मागे राहिलेले सुरुंग काढताना स्पंद-प्रवर्तनाची यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. कारण पुष्कळ देशांतील माती लोहयुक्त असते. काही सुरुंगांत धातूचा अंश अगदी नगण्य असतो, म्हणून यंत्र अतिशय संवेदनशील ठेवावे लागते. साहजिकच ते गोळ्यांच्या पुंगळ्या, तारा आणि कपच्या ह्यांनाही साद देते. तेथे काम करणारा माणूस प्रत्येक स्वरापुढे गुडघे टेकून बसतो आणि तो स्वर सुरुंगाचाच आहे असे मानून इंचाइंचाने माती सारतो. शेकडो वेळा कपची निघाली तरी पुढच्या वेळी त्याला हात ढिला सोडता येत नाही. छंद म्हणून यंत्र घेणाऱ्यानेही ह्यापासून एक गोष्ट शिकावी. जुन्या रणभूमीवर, लष्करी सरावाच्या जागी किंवा त्यांच्या आसपास शोध घेऊ नये. आणि कोठेही तोफगोळ्यासारखी अगर बाँबसारखी वस्तू दिसली, तर तिला स्पर्श न करता, जागेवर खूण करून दूर व्हावे व पोलिसांना कळवावे. गंजलेला बाँब म्हणजे निकामी बाँब नव्हे.

शोधकापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो: जमिनीतून निघालेली वस्तू कोणाची? व्हिक्टोरिया राज्यात 'माइनर्स राइट' नावाचा परवाना घेऊन सरकारी मोकळ्या जमिनीवर, तसेच मालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर, हातच्या हत्यारांनी सोने शोधता येते. मात्र खणलेला प्रत्येक खड्डा बुजविण्याचे आणि तेथील आदिवासींच्या प्राचीन वस्तूंना व स्थळांना धक्का न लावण्याचे बंधन त्याबरोबर येते. इंग्लंडात १९९६ च्या कायद्यान्वये निधी सापडल्यास चौदा दिवसांच्या आत अधिकाऱ्यास कळवावे लागते. आणि इतर जुन्या वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करून घेणारी योजना १९९७ पासून तेथे चालू आहे. भारतात १८७८ चा निधिविषयक कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडला, तर त्याचे स्वरूप, अंदाजी मूल्य, जागा आणि दिवस ही जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे त्यान्वये आवश्यक आहे. १९५८ च्या कायद्यान्वये संरक्षित स्मारकांच्या व स्थळांच्या आवारात परवानगीवाचून खणता येत नाही. गडकिल्ल्यांच्या तटाखाली यंत्र घेऊन हिंडण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

ह्या बंधनांमागे केवळ मालकीचा हिशेब नाही. मातीतील नाणे हे एखाद्या पोथीतील शब्दासारखे असते. ते कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या राखेखाली पडले होते, ह्यावरून इतिहासकार त्या जागेचा काळ वाचतो. नाणे उपटून खिशात घातले की शब्द हाती येतो आणि वाक्य नाहीसे होते. यंत्राने वाचता येईल त्याहून अधिक माहिती मातीत लिहिलेली असते, आणि निष्काळजी खोरे ती एका घावात पुसून टाकते. म्हणून सोने शोधण्याच्या जागा निराळ्या आणि इतिहासाच्या जागा निराळ्या, हा विवेक शोधकाने पाळलाच पाहिजे. शोधताना अकस्मात जुन्या वस्तूंचा पुंजका लागला, तर खणणे तेथेच थांबवून जाणत्यांना बोलावणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

अंजन घातलेल्या पायाळूला जमिनीखालचे सर्व काही एकदम दिसते, अशी ती लोकसमजूत होती. तिच्यात श्रम नव्हते, चूक नव्हती आणि थांबणेही नव्हते. स्पंद-प्रवर्तनाच्या यंत्राची सारी करामत मात्र एका लहानशा थांबण्यात आहे. टोल दिल्यावर ते दहापंधरा मायक्रोसेकंद गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यामुळेच समुद्राचा व मातीचा गलका ओसरून धातूचा क्षीण नाद त्याला ऐकू येतो. जो नवशिका त्याच्याकडून एवढा गुण घेईल, म्हणजे आधीच निष्कर्ष न काढता ऐकेल, प्रत्येक स्वराला न्याय देईल, आणि खणलेला खड्डा बुजवून मगच पुढे जाईल, त्याचा दिवस नुसते गंजके खिळे हाती आले तरी फुकट गेला असे म्हणता येणार नाही.